नाव खरवडलेली फळी

ज्याने त्या फळीवरचं नाव खरवडलं, त्याने ते आधी वाचलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे. रंधा मारायचा तर लाकूड उजेडात धरावं लागतं. हात फिरवून बघावं लागतं, कुठे खिळा आहे, कुठे गाठ आहे. आणि ती अक्षरं नुसती रंगवलेली नव्हती, कोरलेली होती. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही, असलं कुणी माझ्यासमोर बोलू नये. मी त्याचं नाव घेणार नाही. गाव लहान आहे, आणि तो माणूस दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतो. मान खाली घालून बसतो, एवढं सांगतो.

तुम्ही दोघं माझ्याकडे ट्रॉली मागायला आलात. उद्या सकाळी खालच्या गावातून जुनं लाकूड आणायचं आणि कोठाराची पाहुण्यांसाठी खोली करायची. चांगलं आहे. ट्रॉली मागे उभी आहे, चाकांत हवा आहे. पण अफ्रा, आधी ते दार लाव. कास्पर, तू शहरातला, तुला काही कळलं नाही तर मध्ये विचार. हिला विचारू देऊ नकोस. ही माझ्या बहिणीची नात, हिला ठाऊक असायलाच हवं.

गेल्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. त्या रात्रीचं सांगतोय.

वरच्या शेतावरचा ओटमार तुम्हाला माहीत आहे. माणूस वाईट नाही. दुधाचं काही जमेना, तेव्हा त्याने गाई कमी केल्या आणि गोठ्याच्या माडीवर पाहुण्यांची खोली काढली. सगळं काम स्वतः केलं. फक्त खिडकीखाली बाक हवा होता, माणूस आडवा होईल एवढा. शहरातल्या पाहुण्यांना जुनं लाकूड आवडतं. ते त्यावर हात फिरवतात, फोटो काढतात. त्यांना जुनी लाकडं हवी असतात, जुनी माणसं कुठे गेली ते कुणी विचारत नाही. तर ओटमार एका दुपारी लाकूड शोधायला निघाला आणि संध्याकाळी एक फळी घेऊन आला. कुण्या पडक्या कोठीची आहे, असं विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं म्हणे. एका बाजूला ताजा रंधा मारलेला होता. ती बाजू त्याने खाली घातली, वरची बाजू घासली आणि व्हार्निशचे हात दिले. एक नाही, तीन. पाहुण्यांच्या हातून काही सांडलं तरी थेंब मुरणार नाही, असं तो ज्याला त्याला कौतुकाने सांगायचा.

त्या खोलीत गुरुवारी ती दोघं उतरली. वीब्के आणि तिचा नवरा हेनिंग. पार उत्तरेची, समुद्राकडची माणसं. तो बंदरात क्रेन चालवायचा, ती चष्म्याच्या दुकानात होती. पन्नाशीच्या आतली. फेब्रुवारीत त्याला हृदयाचा झटका आला होता. त्यातून तो वाचला, पण झोप गेली. झोपलो तर उठणार नाही, अशी भीती मनात बसली होती. रात्र रात्र स्वयंपाकघरात दिवा लावून बसायचा. डॉक्टरांनी वीब्केला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा झोपला नाही तर हे हृदय पुढचा हिवाळा काढणार नाही. तिने सुट्टी काढली, त्याला गाडीत घातलं, आणि मोठे रस्ते टाळत, एकेका शेतावर मुक्काम करत दक्षिणेकडे निघाली. घाई नाही, फोन नाही. ताजी हवा, ताजी अंडी. याला कुठे तरी झोप लागावी, एवढंच तिला हवं होतं.

गाडी तीच चालवायची. त्याला मनाई होती आणि त्याचा त्याला राग होता. आल्या आल्या त्याने ओटमारच्या बायकोला, बुर्गलला, विचारलं की तुमच्याकडे गोगलगायींना वेगळी जागा आहे का, कारण घाटात दोन आम्हाला मागे टाकून गेल्या. बुर्गल म्हणाली, त्या तुमच्या उत्तरेकडच्या असतील, आमच्याकडच्या जेवायला थांबतात. पहिल्याच संध्याकाळी सगळे हसले. बुर्गल मला अजून सांगते, असा हसवणारा माणूस त्या खोलीत पुन्हा आला नाही.

पहिल्या रात्री त्याला पलंग मऊ लागला. पाठ दुखते म्हणून उशी घेऊन तो बाकावर गेला.

आणि झोपला.

सकाळी नऊला वीब्के एकटीच खाली आली. बुर्गलला वाटलं भांडण झालं, कारण ती रडत होती. ती म्हणाली, तो झोपलाय. अजून झोपलाय. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग तिने दोन अंडी खाल्ली, लिव्हरचं सॉसेज खाल्लं, बुर्गलने आणखी पाव कापला तोही खाल्ला. एका रात्रीसाठी घेतलेली खोली तिने आठवडाभरासाठी घेतली.

त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती. घाम असेल, असं ती म्हणाली.

आता गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवा. जुलैपासून थेंब नव्हता. ओटमार कालवडींसाठी टँकरने पाणी आणत होता. त्याच्या अंगणातला हातपंप केव्हाच कोरडा पडला होता, दांडा तारेने बांधून ठेवलेला. जमीन अशी, की कुंपणाचा खांब रोवायचा तर पहार उडून परत यायची. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

शुक्रवारी रात्री वीब्केला जाग आली. तिने दिवा लावला. हेनिंग बाकावर होता. उताणा, सरळ, पाय जुळवलेले. हात छातीवर, एकात एक गुंफलेले. वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तो कुशीवर झोपायचा, गुडघे पोटाशी घेऊन. तिने त्याचे हात सोडवून बाजूला ठेवले. सकाळी ते परत छातीवर होते. आणि बाकाच्या कडेने, डोक्यापासून पायापर्यंत, जमिनीवर पाणी होतं.

बुर्गलने ते पुसलं आणि पुसता पुसता पुटपुटली की उत्तरेकडचे लोक रात्री अंथरुणात आंघोळ करतात हे माहीत नव्हतं. वीब्केने माफी मागितली.  हेनिंगने विनोद केला नाही. कॉफीही तशीच ठेवली.

शनिवारी दुपारी ती त्याला फिरायला म्हणून खाली घेऊन आली. तुम्ही आत्ता ज्या वळणावरून आलात ना, फळ्यांच्या, तिथपर्यंत. मी कुंपणाच्या अलीकडे लाकडं फोडत होतो. ती एकेका फळीवरचं वाचत होती. नाव, साल, आणि खाली ते नेहमीचं, वाटसरू, माझ्यासाठी एक प्रार्थना म्हण आणि पुढे जा. तो मात्र एकाच जागी उभा होता. रांगेत तिसऱ्या आणि पाचव्या फळीच्या मध्ये जिथे जागा रिकामी आहे, तिथे.

तिने मला विचारलं, काका, या कसल्या पाट्या आहेत? मी सांगितलं. कास्पर, तूही ऐकून ठेव. आमच्याकडे माणूस गेला की पुरेपर्यंत त्याला घरात एका फळीवर निजवत. माती दिली की त्याच फळीवर नाव कोरून ती वाटेकडेला उभी करत. मग ती ऊनपावसात तशीच राहू द्यायची. दुरुस्त करायची नाही, रंगवायची नाही, हलवायची नाही. ती कुजून आपोआप खाली पडली की तो जीव सुटला. तोवर तो वाटेत असतो.

हेनिंगने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, पुरेशी झोप झालेल्या माणसाचे असतात तसे. पण चेहरा... ओल्या कागदासारखा.

“आणि कुजलीच नाही तर?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, तर वाट बघायची.

“इथली कुठे गेली?”

मी म्हटलं, वसंतात कुणीतरी रातोरात उपटून नेली. वरच्या शेतावर राबणाऱ्या एका बाईची होती. उभा जन्म तिने खालच्या झऱ्यावरून वर पाणी वाहिलं. लाकूड चिवट होतं, साठ वर्षं उभी होती, पण बुंध्याशी भुसभुशीत व्हायला लागली होती. आणखी दोन-चार हिवाळे, मग सुटली असती.

 वीब्केने हेनिंगचा हात धरला आणि लगेच सोडला. मग पुन्हा धरला. नंतर तिने मला सांगितलं, हात थंड नव्हता. थंड असता तर समजलं असतं. तो ओला होता.

वर गेल्यावर ती त्याला म्हणाली, आपण निघू या. उद्या नको, आत्ता. तो म्हणाला, मला इथे झोप लागते. ती म्हणाली, दुसरीकडेही लागेल. तो म्हणाला, “आठ महिने तू माझ्यासाठी हेच मागत होतीस ना? मग मिळालंय ते घेऊ दे मला.” तिने एवढंच कबूल करून घेतलं की आजची रात्र तो पलंगावर झोपेल. तो हो म्हणाला. पलंगावर पडलाही. ती जागी राहणार होती.

पण किती दिवसांची दमलेली बाई ती.

तिला जाग आली ती आवाजाने. खाली अंगणात लोखंड करकरत होतं. वर, खाली. वर, खाली. पंपाचा दांडा.

तिने हात बाजूला नेला. पलंग रिकामा.

खिडकीतून थोडा चंद्रप्रकाश येत होता. हेनिंग बाकावर होता. सरळ. हात छातीवर. ती उठून त्याच्यापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, त्याला ओढायला म्हणून बाकाखाली हात घातला. बोटांना खालची बाजू लागली. रंध्याने गुळगुळीत केलेली. पण अगदी टोकाशी रंधा पोचला नव्हता. तिथे एक छोटा कोरलेला क्रूस होता. त्याच्या शेजारी एक अक्षर. अर्धं.

तिला समजलं.

अंगणातला आवाज थांबला.

मग जिन्यावर पाऊल. जड. एका बाजूला झुकलेलं, भरलेली बादली घेऊन चालणाऱ्याचं पडतं तसं. एक पायरी. थांबणं. पाणी हिंदकळल्याचा आवाज. दुसरी पायरी...

ती मला म्हणाली, काका, दार उघडलं नाही. मी दाराकडेच बघत होते. ते उघडलं नाही.

पण पाणी पडू लागलं.

हळू. जपून. झाडाला घालावं तसं. डोक्याकडून पायाकडे. ओतणारं कुणी दिसत नव्हतं. फक्त पाणी. बाकावर पडत होतं आणि तीन हातांच्या व्हार्निशवरून ओघळून जात होतं. लाकडात मुरत नव्हतं. एक थेंबसुद्धा नाही.

मग ते कुठे जाणार?

जे मुरवून घेऊ शकत होतं, त्यात गेलं. तिने पाहिलं. त्याचे ओठ उघडे होते. तो गिळत नव्हता, खोकत नव्हता. ते नुसतं... आत जात होतं. त्याच्या कातडीतून. कोरडी जमीन पिते तसं.

तिने त्याला ओढलं. लाकडासारखा जड झाला होता, वाकत नव्हता. तिने त्याच्या तोंडात मारली. त्याने डोळे उघडले.

“आत्ता कुठे लागली होती गं,” तो म्हणाला.

तेच त्याचं शेवटचं बोलणं.

तिने त्याला जिन्यावरून उतरवलं. दोघं अनवाणी. अंगणात पंपाच्या दांड्याला तार तशीच गुंडाळलेली होती. दगड कोरडे. तिने त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, गाडी काढली. ओटमारचा कुत्रा भुंकला नाही. तो रस्त्याखालच्या मोरीत शिरून बसला होता.

वरून इथवर रस्ता केवढासा. पाच मिनिटांचाही नाही. ती सारखी त्याच्याशी बोलत होती. गोगलगाय म्हण मला, काहीही म्हण. तो सरळ समोर बघत होता.

मग वळण आलं. हेडलाइट फळ्यांवर पडले.

एक. दोन. तीन.

चार.

तिने ब्रेक दाबला. दुपारी जिथे जागा रिकामी होती तिथे काही नव्हतं असं नाही... तिथे कुणी उभं होतं. बाकीच्या फळ्यांसारखंच सरळ. हात छातीवर. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. अंगाला चिकटलेला, ओला.

तो सदरा तिने स्वतः इस्त्री केला होता.

तिने मान वळवली. हेनिंग शेजारी होता. पट्टा लावलेला. डोळे मिटलेले.

तिने पुन्हा पुढे पाहिलं. तीन फळ्या. रिकामी जागा. पुढच्या दोन.

तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. आणि ठेवून बसली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही.

माझ्या दारावर थाप पडली. त्या आवाजावरून मला कळलं की बाहेर कुणाचं तरी सगळं संपलंय. मी कंदील घेऊन तिच्याबरोबर गेलो. गाडी चालूच होती. मी त्याच्या मानेला हात लावला. गाडी बंद केली. तिला आणून इथे बसवलं, कास्पर, तू बसलायस तिथे, आणि फोन केला. आमच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्स यायला वेळ लागतो. तेवढ्यात तिने मला हे सगळं सांगितलं. रडली नाही. एकदाच विचारलं, “मी त्याला उठवायला नको होतं का?” मी चुलीत लाकूड घातलं.

त्या बाकाचं पुढे काय झालं ते आधीच सांगतो, म्हणजे शेवटचं सांगायला मोकळा. दुसऱ्या दिवशी ओटमारने तो जाळायला म्हणून बाहेर काढला. मी त्याला नको म्हणायला गेलो होतो. वरून व्हार्निश चकचकीत होतं, एक ओरखडा नाही. मी बोट दाबलं तर बोट आत गेलं. आत लाकूड उरलंच नव्हतं. काळा भुसा, ओला. उचलताना मधोमध मोडलं आणि पडलं. एका रात्रीत. ती बाई सुटली, मला वाटतं. तिला काय, फळी लवकर कुजावी म्हणून पाणी घालायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. ते कुणाच्या अंगात मुरतंय याचा विचार तिने करावा अशी अपेक्षा मी तरी कशी करू? तो विचार करणारा दुसरा होता. हातात रंधा असलेला. त्याने नाही केला.

आता शेवटचं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी तपासलं. हृदय, म्हणाल्या. आधीच्या झटक्याचं वीब्केने सांगितलं, त्यांनी मान हलवली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत घरात नेलं. मी कंदील धरून तिथेच उभा राहिलो. त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगा होता, जिल्ह्याच्या गावचा. त्याला आमच्या फळ्यांचं काही ठाऊक नव्हतं. त्याने पट्टा सोडला, हेनिंगच्या काखेत हात घातले, त्याला स्ट्रेचरवर घेतलं. चादर ओढताना तो पायांशी थांबला. त्याने टॉर्च लावला.

मीही पाहिलं.

दोन्ही पावलं काळ्या चिखलात माखलेली. पोटऱ्यांच्या मध्यापर्यंत. गवताची मुळं चिकटलेली. त्याच्या वर एक सरळ रेघ, आणि रेघेच्या वर कातडी स्वच्छ. जमिनीतून खांब उपटून काढल्यावर दिसतो, तसं. आणि माझ्या पायाखाली जमीन दगडासारखी होती, तीन महिन्यांची तहानलेली.

त्या मुलाने टॉर्च गाडीत वळवला. हेनिंगच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागी. तिथला गालिचा फिकट राखाडी होता. त्यावर चिखलाचा कण नव्हता. त्याने हात फिरवून बघितला. मग त्याने घराच्या दाराकडे पाहिलं, वीब्केला ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्याजवळ सरकला, आणि हळू आवाजात मला विचारलं,

“काका, गाडी कुणी पुसून घेतली का?”